दोन दिवसांचं काम

‘छोटंसं काम आहे’ या तीन शब्दांवर कायद्याने बंदी घालावी, अशी माझी जाहीर मागणी आहे. दारूबंदी झाली, प्लॅस्टिकबंदी झाली, नोटाबंदी तर माझ्या काउंटरसमोरच झाली. मग या तीन शब्दांनीच असं काय पुण्य केलंय? दारूने माणूस बुडतो, फार तर त्याचं घर बुडतं. ‘छोटंसं काम आहे’ या वाक्यापायी आजवर किती तरण्याताठ्या पोरांचे रविवार बुडाले, याची नोंद कुठल्याच खात्यात सापडायची नाही.

बरं, हे वाक्य सगळ्यांना ऐकवता येत नाही. सर्जनला कुणी म्हणत नाही, ‘डॉक्टर, छोटंसं तर अपेंडिक्स आहे, चारच्या चहापर्यंत उरकून टाका.’ वकिलाला म्हणायची सोयच नाही; ‘तारीख’ या शब्दाचा खरा अर्थ आपण त्याच्याकडूनच शिकलो. गवंड्याला म्हणून बघा. तो थापी खाली ठेवतो, तंबाखू मळतो आणि म्हणतो, ‘सायेब, भिंत फोडल्याबिगर आत काय हाय ते कसं कळंल?’ आपण गप्प बसतो. कारण भिंत आपल्याला दिसते, विटा दिसतात, वाळूचा ढीग दिसतो. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचं तसं नाही. एक तरुण मुलगा खुर्चीत बसून पडद्याकडे टक लावून बघतोय, एवढंच दिसतं. आणि नुसतं बघायला असा किती वेळ लागणार?

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम. प्रोग्रॅमची एक ओळ मला लिहिता येत नाही, आणि या वयात ती शिकण्याची धमकीही मी कुणाला देत नाही. पण माझा भाचा हाच धंदा करतो. मोठ्या कंपनीत नाही. तिघा मित्रांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली आहे आणि दवाखाने, क्लासेस, किराणा दुकानं, सोसायट्या यांना लागणारे लहानसहान प्रोग्रॅम ते करून देतात. ‘म्हणजे मामा भाच्याची वकिली करतोय,’ असं कुणी म्हणेल. करतोय. आपल्या पुराणांत कंसमामा होऊन गेले, शकुनिमामा होऊन गेले. इतक्या युगांनंतर एखाद्या मामाने भाच्याची बाजू घेतली तर बिघडलं कुठे?

उदाहरणादाखल एकच काम घेऊ. हाउसिंग सोसायटीचं मासिक बिल. याहून क्षुल्लक काम त्रिभुवनात नसेल. बहात्तर फ्लॅट, महिन्याला बहात्तर बिलं. एका सोसायटीच्या (नाव सांगत नाही, मला त्याच जिन्याने वर जायचं असतं) सेक्रेटरीसाहेबांनी भाच्याला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘अरे बाळा, छोटंसं काम आहे. एक्सेलमध्ये सगळं आहेच. फक्त बटण दाबलं की बिल बाहेर यायला हवं. दोन दिवसांत होईल ना?’

या ‘फक्त’च्या पोटात काय काय दडलं होतं ते बघा. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा. पाण्याचा खर्च नळ मोजून. सिंकिंग फंड बांधकामाच्या किमतीवर. पार्किंग गाडीप्रमाणे, दुचाकीला वेगळं, आणि ज्यांची गाडी नुसती धूळ खात उभी आहे त्यांचं भांडण वेगळं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्यावर जादा आकार. पण त्या आकाराला २००१ साली राज्य सरकारने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, आणि मालकाच्या घरचंच माणूस राहत असेल तर तो लावायचा नाही. आता चौथ्या मजल्यावर राहणारा तरुण हा मालकांचा मुलगा की भाडेकरू, हे प्रोग्रॅमने कसं ओळखायचं? ते ओळखायला खुद्द सोसायटीला सहा महिने लागले होते.

पुढे थकबाकीवर व्याज. एखाद्याने निम्मेच पैसे भरले, तर ते आधी मुद्दलात जमा करायचे की व्याजात? बँकेत या प्रश्नाचं उत्तर छापील असतं. सोसायटीत ते त्या वर्षीचा खजिनदार कोण आहे यावर असतं.

त्यातून जीएसटी. सोसायटीची उलाढाल वीस लाखांच्या वर असली तरी सभासदामागे महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला कर नाही, असं २०१८च्या जानेवारीत ठरलं. पण वर्गणी त्याच्या वर गेली तर? कर साऱ्या रकमेवर की फक्त वरच्या रकमेवर? २०१९च्या सरकारी परिपत्रकाने सांगितलं, साऱ्या. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, फक्त वरच्या. प्रोग्रॅमच्या भाषेत ही म्हणे एक ओळ आहे. लिहायला अर्धा मिनिट. पण कुठली ओळ लिहायची? भाच्याने सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, ‘तुला योग्य वाटेल ते टाक.’ म्हणजे उच्च न्यायालयाचं काम त्याच दोन दिवसांत, त्याच पैशात!

आणि सेक्रेटरीसाहेबांच्या एक्सेलमध्ये खरोखरच ‘सगळं’ होतं. रकमेच्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘नंतर देतो म्हणाले’. याची बेरीज कुठल्या बटणाने करायची?

सांगायचा मुद्दा असा, की असल्या कामात टाइप करणं हा सगळ्यांत लहान भाग. काम लिहिण्यात नसतं, ठरवण्यात असतं. आणि काय काय ठरवायचं राहिलंय हे काम हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सेक्रेटरी विचारतात, ‘किती दिवस लागतील?’ पण या प्रश्नाचा खरा अर्थ ‘आम्हांला काय हवंय हे आम्हांला कळायला किती दिवस लागतील?’ असा असतो. याचं उत्तर प्रोग्रॅमरने द्यायचं, हा कुठला न्याय?

आता कुणी म्हणेल, मोठमोठ्या कामांचे अंदाज चुकतात हे आम्ही जाणतो. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ साली सत्तर लाख डॉलरात पुरं व्हायचं होतं, ते १९७३ साली दहा कोटी वीस लाखांत झालं. पण लहान कामाचा अंदाज तरी नेमका यायला काय हरकत आहे?

इथेच सगळे फसतात. अहो, लहान कामाचाच अंदाज जास्त अवघड! विमा कंपनीचं बघा. लाख माणसांपैकी वर्षभरात किती जाणार हे ती बऱ्यापैकी सांगते. तुमचा नंबर कधी, हे तिला विचारा. मोठ्या कामात दोनशे तुकडे असतात. एक लांबला तर दुसरा लवकर उरकतो, थोडंफार तरी भरून निघतं. लहान काम म्हणजे एकटा माणूस. त्याला एकच खड्डा पुरतो. दोनशे दिवसांच्या कामात एका दिवसाचा खड्डा लागला तर कुणाच्या ध्यानातही येणार नाही. दोन दिवसांच्या कामात तोच खड्डा लागला की काम दीडपट, आणि ‘पोरगा बेजबाबदार आहे’ असा ठराव मंजूर.

शिवाय काम लहान असलं म्हणून त्याचे विधी लहान होत नाहीत. लग्न अगदी साधेपणाने करायचं ठरवलं तरी अंतरपाट लागतोच, गुरुजींनाही बोलवावं लागतं. तसंच इथे. जुनी माहिती निस्तरा, नवी भरा, तपासा, खजिनदारांच्या कॉम्प्युटरवर बसवा, तो सात वर्षांचा आहे हे तिथे गेल्यावर शोधून काढा, आणि खजिनदारांना शिकवा. मग नवे खजिनदार निवडून येतात, त्यांना शिकवा.

‘छोटासा बदल’ ही काय चीज असते हे मला २०१६च्या नोव्हेंबरात कळलं. दोन हजारांची नवी नोट आली. जुन्या हजाराच्या नोटेपेक्षा ती लांबीला ११ आणि रुंदीला ७ मिलिमीटरने लहान. मिलिमीटर बरं का! पण देशातली एटीएम यंत्रं दोन लाखांच्या वर. प्रत्येकापाशी माणूस पाठवून कप्पे नव्या मापाला जुळवावे लागले, आणि तोवर आमच्या काउंटरसमोरची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बदल केवढा हे फुटपट्टीने मोजायचं नसतं. तो किती ठिकाणी करावा लागतो हे मोजायचं असतं.

दुसरी एक गंमत. ‘दोन दिवसांचं काम’ म्हणजे सोळा तासांचं काम. ते सोळा तास सलग मिळाले तर! पण मधे सेक्रेटरी गावाला जातात, खजिनदारांचा फोन लागत नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दुकानात बिलाचं यंत्र बंद पडतं. दोन दिवसांचं काम दोन दिवसांत होत नाही, हे निदान बँकेच्या खातेदारांना मी शिकवायला नको.

माणसाची ही खोड प्रोग्रॅमरांपुरती नाही, हे विद्वानांनी पुराव्यानिशी दाखवून दिलंय. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या रोगाला नाव दिलं. आपल्या भाषेत म्हणायचं तर ‘बेताचा भ्रम’. आपण बेत आखताना फक्त आपलं काम बघतो; तसलीच कामं इतरांची कशी रखडली हे बघत नाही. १९९४ साली कॅनडातल्या मंडळींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं, ३४ दिवस. मग विचारलं, समजा सगळंच बिनसलं, तर? सरासरी ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५! म्हणजे माणूस निराशावादी व्हायला बसला तरी त्याला ते नीट जमत नाही.

खुद्द काहनेमन यांची गोष्ट त्याहून सरस. शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक करायला त्यांनी माणसं जमवली. सगळ्यांनी चिठ्ठीवर अंदाज लिहिला, साधारण दोन वर्षं. त्यांच्यात अभ्यासक्रम तयार करण्यातला एक जाणकार होता. त्याचीही चिठ्ठी त्याच आसपासची. मग त्याला विचारलं, ‘असलीच कामं इतरांनी केली, त्यांना किती लागले?’ तो बिचारा वरमला. म्हणाला, सात ते दहा वर्षं. आणि शंभरातल्या चाळिसांनी तर ती पुरी केलीच नाहीत. माहिती त्याच्याच डोक्यात होती, पण चिठ्ठी लिहिताना त्याने स्वतःच तिला हात लावला नव्हता. पुस्तकाला आठ वर्षं लागली. पुढे या गृहस्थांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे नोबेलच्या तोडीच्या माणसाला जमलं नाही ते आमच्या भाच्याने सोसायटीच्या ऑफिसात, उभ्याउभ्या, चहा यायच्या आत करून दाखवायचं!

अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांचा या धंद्यातला हिशेब प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. बेरीज एकशे ऐंशी. आमच्या ऑडिटरने हा ताळेबंद कधीच पास केला नसता, पण बाकी सगळ्या ताळेबंदांपेक्षा तो खरा आहे. आणि वेळ कमी पडतोय म्हणून माणसं वाढवावीत, तर आयबीएममध्ये मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या पुस्तकात बजावून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर नवी माणसं घातली तर उशीर वाढतो. आमच्या सेक्रेटरींनी हे पुस्तक वाचलेलं नसावं. त्यांनी मदतीला आपला चिरंजीव पाठवला. ‘तोही कॉम्प्युटरच शिकतोय.’ त्याला काम समजावून देण्यात भाच्याचा एक अख्खा दिवस गेला.

तर अंदाज चुकतात याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. अंदाज चुकायचेच. माझं भांडण आहे ते अंदाजाचं वचन करून टाकणाऱ्या माणसांशी. हा चेकांचा भाग मला कळतो, म्हणून चेकांच्या भाषेत सांगतो. ‘साधारण दहाएक दिवस लागतील’ हा अंदाज. ‘दहा तारखेला देतो’ हे वचन. पहिल्याला कागदाच्या तुकड्याइतकी किंमत, दुसरा पुढल्या तारखेचा चेक. आपल्याकडे होतं काय, प्रोग्रॅमर पहिलं वाक्य बोलतो आणि समोरचा माणूस दुसरं लिहून घेतो. मग दहा तारीख उजाडते, आणि १८८१च्या कायद्याचं १३८ कलम लागावं अशा थाटात ‘तुझा चेक बाउन्स झाला’ म्हणून त्याला समितीपुढे उभं करतात. अहो, पण त्याने सही कुठे केली होती?

त्यात आणखी घासाघीस. ‘तीन आठवडे? छे छे! एक करा.’ मंडईत वांग्यांचा भाव पाडता येतो, कारण भाव हा दोघांच्या संमतीने ठरतो. काम किती दिवसांचं आहे हे संमतीने ठरत नाही. वेधशाळेने पाऊस सतराला येईल म्हटल्यावर ‘सतरा फार होतात, बारा करा, तुमचंही नको आमचंही नको’ असं कुणी म्हणतं का? घासाघिशीने आकडा बदलतो, काम आहे तेवढंच राहतं. बदलतं ते एकच. जो मुलगा खरं बोलला होता, तो खोटं बोलायला शिकतो. कारण त्याच्यानंतर येणारा दुसरा प्रोग्रॅमर ‘होऊन जाईल साहेब, चार दिवसांत’ म्हणतो आणि काम घेऊन जातो. आपणच खोट्याला बक्षीस द्यायचं, आणि मग ‘या लाइनमध्ये कुणी खरं बोलत नाही’ म्हणून कपाळाला हात लावायचा!

याची किंमत कोण देतं? त्याच सोसायटीत काय झालं ते सांगतो. भाच्याने तीन आठवडे सांगितले होते. समितीने ते आठ दिवसांवर आणले. आठ दिवसांत बिल छापणारं बटण होतं. ते बरोबर छापतं की नाही हे बघणं होत नाही. ‘दोन महिने जुनी पद्धत आणि नवी पद्धत बरोबरीने चालवून ताडून बघू’ हे भाच्याचं म्हणणं पहिल्याच बैठकीत ‘उगीच वेळकाढूपणा’ म्हणून कापलं गेलं. पहिल्या महिन्याची बिलं निघाली, त्याबरोबर थकबाकीदारांची यादीही निघाली आणि नोटीस बोर्डावर लागली. तिच्यात पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं.

आजी निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात. आयुष्यात त्यांनी बिल थकवलेलं नाही. उलट सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून ठेवले होते. जुन्या एक्सेलमध्ये आगाऊ रक्कम वजाचं चिन्ह लावून लिहायची पद्धत होती, हे भाच्याला कुणी सांगितलं नव्हतं. बटणाने ती रक्कम देणं म्हणून वाचली आणि जिने सगळ्यांत जास्त आगाऊ भरले होते तिला सगळ्यांत मोठी थकबाकीदार केलं. जुन्या बिलाशेजारी नवं बिल एकदा ठेवलं असतं तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं. दोन दिवस यादी लटकत होती. दोन दिवस आजी खाली उतरल्या नाहीत. दूधसुद्धा त्यांनी शेजारच्या मुलाकडून आणवलं. समितीने चूक मान्य केली का? केली ना. भाच्याची! तो वर जाऊन आजींच्या पाया पडून आला. तीन आठवड्यांचे आठ दिवस ज्यांनी केले, त्यांतलं कुणी वर गेलं नाही. लिफ्ट चालू होती, तरी.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर माझ्या बी. कॉम.ला बट्टा लागेल. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मग आम्ही काय कोऱ्या चेकवर सही करायची? आम्हांलाही वर्षाचं अंदाजपत्रक असतं, सभासदांना तोंड द्यायचं असतं.’ बरोबर आहे. प्रोग्रॅमरांच्यात अंदाज देणं मुळातच बंद करा म्हणणारा एक पंथ आहे. मी त्या पंथातला नाही. ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्याला साधारण किती जातील हे विचारायचा हक्क आहे. आणि सगळेच प्रोग्रॅमर संत आहेत असंही नाही. पार्किन्सन यांनी १९५५ सालीच सांगून ठेवलंय की वेळ जेवढा द्याल तेवढं काम फुगतं. आठवड्याचं काम महिनाभर चघळणारे महाभाग भाच्याच्या धंद्यात आहेत. (आमच्या धंद्यात ते नाहीत असं मी कुठे म्हटलं?)

पण यावरचा उपाय बँकेला पूर्वीपासून ठाऊक आहे. व्यापारी शंभर रुपयांचा माल तारण ठेवतो तेव्हा बँक त्याला शंभर देत नाही, पंचाहत्तर देते. वरच्या पंचवीसला मार्जिन म्हणतात. म्हणून बँकेला कुणी भित्री किंवा कामचुकार म्हणत नाही, शहाणी म्हणतात. प्रोग्रॅमरने वेळेत तेच मार्जिन धरलं की मात्र त्याला ‘पॅडिंग’ हे नाव! दुसरं, कर्ज मागायला आलेल्याला आम्ही ‘पुढच्या वर्षी किती नफा होईल?’ एवढंच विचारत नाही. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणा म्हणतो. स्वप्न सगळ्यांचंच सुंदर असतं. ताळेबंद ज्याचा त्याचा.

हाच कायदा इथे लावा. ‘किती दिवस लागतील?’ असं विचारण्याआधी ‘असली शेवटची तीन कामं केलीस, त्यांना किती दिवस लागतील म्हणाला होतास आणि किती लागले?’ असं विचारा. ज्याच्याकडे वही नाही त्याला वही घालायला सांगा. उत्तर एका तारखेत मागू नका, दोन तारखांत मागा: बरं चाललं तर अमुक, आडवं आलं तर तमुक. या शास्त्रातले बॅरी बोम यांनी १९८१ सालीच लिहून ठेवलंय की अगदी सुरुवातीचा अंदाज चौपटीने वर किंवा खाली जाऊ शकतो. म्हणजे पहिल्या भेटीतले ‘दोन दिवस’ हे अर्ध्या दिवसापासून आठ दिवसांपर्यंत काहीही असू शकतात. म्हणून पहिल्या भेटीत आकडा पक्का करूच नये. पहिले दोन दिवस नुसतं आत डोकावायला द्या, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि मग पुन्हा विचारा. तेव्हा मिळालेला आकडा कितीतरी खरा असेल.

आणि तारीख खरोखरच हलणार नसेल? असतात तशाही तारखा. एकतीस मार्च काही माझ्या सोयीने पुढे जात नाही. तर मग कामाची यादी हलू द्या. एकतीसला साधी बिलं निघू देत. व्याज, भाडेकरू आणि पार्किंगची भांडणं मे महिन्यात. यादीही पक्की, तारीखही पक्की आणि पैसेही तेवढेच, असा हट्ट धरलात तर तपासणीच कापली जाणार, कारण ती कापलेली दिसत नाही. ती दिसते महिनाभराने, नोटीस बोर्डावर.

बंदीची मागणी सरकार मान्य करील असं मला वाटत नाही. केलीच, तर तिच्यासाठी एक छोटंसं सॉफ्टवेअर बनवायला काढतील. तोवर आपणच आपल्यापुरता नियम करू या. पुढच्या वेळी ते तीन शब्द ओठांवर आले की आवंढा गिळा आणि समोरच्या पोराला एवढंच विचारा: ‘बाळा, आत काय आहे ते बघायला तुला किती वेळ हवा?’ या प्रश्नाचं उत्तर तो न घाबरता देईल. आणि बहुधा ते खरंही निघेल.